अर्ध्या कागदावरचा कोट

माझा डावा खांदा उजव्यापेक्षा खाली आहे, आणि थोडा आखूडही आहे. फोटोत दिसतो. लोक विचारतात, जन्मापासून का? मी सांगते, नाही, बापाने मोडला. मग समोरचा माणूस गप्प होतो. होऊ दे. आम्ही पुष्कळ वर्षं गप्प होतो.

मी बी.कॉम. आहे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगते, कारण खांदा आणि डिग्री दोन्ही एकाच वर्षीचे आहेत.

आम्ही गुजरातेत, डिंडोलीला राहायचो. बाप उधन्याला यंत्रमागावर होता, बारा तासांची पाळी. मागावर सूत वाहणाऱ्या धोट्याला फटका मारून इकडून तिकडे फेकणारा एक लाकडी दांडा असतो. झिजला की बदलतात. बापाने असा एक झिजलेला दांडा घरी आणून दाराच्या मागे उभा केला होता. कुत्र्यांसाठी, म्हणायचा. गल्लीतल्या एकाही कुत्र्याला त्याने तो मारल्याचं मला आठवत नाही.

मी शेवटच्या वर्षाला होते तेव्हा अमळनेरकडून एक स्थळ आलं. पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणाले की परीक्षा झाल्यावर बघू. पाहुण्यांनी पोहे संपवले, पाणी प्यायले आणि गेले. बाप त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेला. रिक्षा निघेपर्यंत त्याने हात जोडून ठेवले होते, हे मी खिडकीतून पाहिलं. तो परत आला, दार लावलं आणि दांडा घेतला. पहिला फटका पाठीवर बसला. दुसरा डोक्यावर यायचा होता, मी मान वळवली म्हणून गळा आणि खांदा यांच्या मधल्या हाडावर आला. हाड मोडताना वाळकी काटकी मोडल्यासारखा आवाज येतो म्हणतात. तसा येत नाही. तो आतून येतो, दातांत वाजतो.

आई तिथेच होती. कणीक भिजवत होती.

सरकारी दवाखान्यात नेलं नाही. तिथे विचारतात, कसं झालं, आणि मग पोलीस येतात. एका हाडवैदाकडे नेलं, त्याने बांबूच्या पट्ट्या लावून फडकं आवळलं. गल्लीत आईने सांगितलं की मोरीत पाय घसरला. सगळ्यांनी मान हलवली. आमच्या गल्लीत बायकांचे पाय मोरीत फार घसरायचे. मी झोळीत हात अडकवून पेपर लिहिले आणि पास झाले. सेकंड क्लास.

हाड जुळलं, पण उतरतं जुळलं.

आई घरी शिवायची. पोलकी, परकर, साड्यांना फॉल. आमच्याकडे अंगाचं माप घेत नाहीत, मापाचं घेतात. म्हणजे गिऱ्हाईक बाई आपलं एक नीट बसणारं जुनं पोलकं घेऊन येते, ते कापडावर पसरायचं, कडेने खडू फिरवायचा आणि कापायचं. अंगाला हात लावायची गरज नाही. माझं मापाचं पोलकं बारावीतलं होतं. दोन्ही खांदे सरळ असतानाचं. पट्ट्या सोडल्यावरही आई माझी सगळी पोलकी त्याच मापावर कापत राहिली. डावा खांदा दर वेळी घसरायचा. मी सांगितलं की ती मशीनच्या खणातून पिन काढून द्यायची. "पिन लाव," एवढंच. त्या पिनेचे टोचे माझ्या दंडावर कायम असायचे.

त्या सुमारास शहरात प्लेग येऊन गेला, त्यानंतर शहर जरा झाडून-पुसून निघालं आणि रिंग रोडकडे नवीन हॉटेलं उभी राहिली. मोठी, एसीची. त्यातल्या एकात मला रिसेप्शनवर घेतलं. मराठी, गुजराती, हिंदी आणि कामापुरतं इंग्रजी, चारही येतं म्हणून. मॅनेजर गुजराती गृहस्थ, बोलायला गोड आणि नजरेने खडूस. त्याने आम्हा मुलींना गडद हिरवं सुटाचं कापड आणि साटिनचं अस्तर मोजून दिलं आणि सांगितलं, लेडीज कोट शिवून सोमवारी घालून या. मग माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, बेन, खांद्यात झोल दिसला तर काउंटरवर उभं करणार नाही, मागे हिशेबाला बसवीन. आणि मागे जागा नाहीये.

म्हणजे कोट बसला तर नोकरी. नोकरी नाही तर अमळनेर. ते स्थळ अजून मोकळंच होतं, आणि बापाने या खेपेला मला विचारणारही नाही असं सांगून ठेवलं होतं. त्याला मी ऑफिसात लागले आहे असंच सांगितलं होतं.

आईने कोट कधी शिवला नव्हता. एका शिवणक्लासच्या बाईंकडून मी कोटाचं पेपर कटिंग गुजराती वर्तमानपत्रावर उतरवून आणलं. पाठ, पुढा, बाही, कॉलर. ते पसरून बघताना माझ्या लक्षात आलं की कागदावर माणूस अर्धाच असतो. अर्धी पाठ, एक पुढा, एक बाही. कापड दुहेरी घालून कापलं की उरलेला अर्धा आपोआप निघतो. उरलेला अर्धा असाच असणार, हे सगळ्यांनी धरूनच ठेवलेलं.

सुटाचं कापड बिघडू नये म्हणून आईने आधी डागी ग्रे कापडाचा, म्हणजे मागावरून उतरलेल्या बिनरंगी कापडाचा, कच्चा कोट शिवला. बाप दिवसपाळीला होता. मी आरशासमोर उभी राहिले. उजवी बाजू साहेबासारखी. डाव्या बाजूला गळ्यापासून काखेपर्यंत तिरका, जाड झोल, कोणी आतून मूठ धरून ओढल्यासारखा. आईने झोल चिमटीत धरला, सोडला. मग डाव्या खांद्यात पॅड भरलं, त्यावर आणखी एक. खांदा वर आला आणि मान एका बाजूला गाडल्यासारखी दिसायला लागली.

मी म्हणाले, डावी बाजू वेगळी काप. खांदा उतरता घे, आखूड घे.

आई कपडे शिवताना मराठीत बोलायची, चिडली की अहिराणीत. "दोन्ही सारखाच शेतस," ती म्हणाली. "तूच वाकडी उभी राहस."

मी तो कच्चा कोट अंगावरच धरून ओढला. डावी बाही मुंढ्यापासून फाटत गेली, टाके तटातटा सुटले. मी म्हणाले, "आई, हा कोणी मोडला ते तुला माहीत आहे. तू तिथे होतीस. कणीक भिजवत होतीस."

तिने माझ्या तोंडात मारली. हातात टेप होता, त्याची पत्र्याची कड ओठाला लागली आणि ओठ फुटला. आमच्या घरात खऱ्या बोलण्याला हेच उत्तर होतं, आणि ते तिलाही दुसरं माहीत नव्हतं. ती मोरीत गेली. पाण्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा पदराने तोंड पुसत होती. तिने फाटकी बाही उचलून मशीनवर ठेवली, जमिनीवर नवीन वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, "उभी ऱ्हाय. पोलकं उतार."

त्या दिवशी आईने माझं पहिल्यांदा माप घेतलं. मानेच्या मणक्यापासून उजव्या खांद्याच्या टोकापर्यंत. मग मणक्यापासून डाव्या. हाडाच्या गाठीवर तिचं बोट आलं आणि थांबलं. मी ओठ चोखत होते. मग मणक्यातून खाली आडवी रेघ धरून कुठला खांदा किती उतरतो ते बघितलं. टेपवर बोट तसंच धरून ती म्हणाली, "लिही." तिला लिहिता येत नव्हतं.

पुढचं काम आम्ही दोघींनी मिळून केलं, आणि ते सोपं नव्हतं. नुसता खांदा उतरवला तर मुंढा, म्हणजे बाही बसते तो घेर, लहान झाला, हात वरच होईना. आईने पुन्हा शिवण उसवली. खांदा जेवढा उतरवला तेवढाच मुंढाही खाली सरकवला, तेव्हा हात सुटला. बाही तीच राहिली. दुसऱ्या ग्रे कोटात झोल गेला. काख, पाठ, सगळं सपाट. मग आम्ही उरलेला अर्धा माणूस वेगळ्या कागदावर कापला. आईने डाव्या तुकड्यांवर कुंकवाने फुल्या मारल्या.

हिरवं कापड एकेरी पसरून कापलं, बरोबर आलं. अस्तर कापताना मात्र फसलो. कोटाच्या कापडाची सुलटी बाजू बाहेर असते, अस्तराची चमकती बाजू आत, अंगाकडे. आम्ही कागद दोन्हीवर सारखेच ठेवले. कोटाचा डावा खांदा उतरला आणि अस्तराचा उजवा. दुहेरी घडी घालून कापणाऱ्याला ही चूक जन्मात कळणार नाही, कारण तिथे उजवं-डावं नसतंच. साटिन संपलेलं. मी डोकं धरून बसले. आईने अस्तर उचललं, उलटं केलं, चमक कोटाकडे आणि मळकी बाजू वर. उतार बरोबर डावीकडे आला. "आतलं कोणाला दिसतं," ती म्हणाली आणि हसली. तिला हसताना बघून मला ओठ दुखत असतानाही हसू आलं.

रविवारी संध्याकाळी फक्त खालची पट्टी हाताने घालायची राहिली होती. आई मशीनपाशी, कोट उलटा करून फळीवर पसरलेला. बाप आला. मागावरच्या कोणीतरी त्याला सांगितलं होतं की तुझी पोरगी हॉटेलात उभी राहणार, येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून दाखवणार. त्याने तेच शब्द पुन्हा म्हटले, शांतपणे, चपला काढता काढता. मग चपला तशाच टाकून दाराच्या मागचा दांडा घेतला.

मी मशीनच्या पलीकडे सरकले. तो पुढे आला, डाव्या हाताने फळीवरचा कोट पकडला, ओढून फेकायलाच, आणि उजवा हात वर घेतला. मी उजवा खांदा मागे घेतला. मार खाल्लेलं अंग आपसूक जे वाचवायचं ते वाचवतं.

आईच्या हातात कापड कापायची मोठी कात्री होती. तिने ती टोकाने खाली आणली, बापाच्या पंजावर, अंगठा आणि बोटाच्या मधल्या मांसात. टोक आत गेलं. तिने काढलं नाही. तिने वर बघितलं आणि परकराचा भाव सांगावा तशा आवाजात म्हणाली, "एक खांदा तू मोडा. दुसराले हात लावशी ते हात कापी टाकसू."

दांडा खाली पडला. त्याचा आवाज मोठा झाला, मागच्या खोलीतल्या बाईने भिंतीवर हात मारून विचारलं काय झालं. बापाने आईकडे बघितलं. त्याला राग आला नव्हता, हे मला आजही विचित्र वाटतं. त्याला काही समजत नव्हतं. आईने कात्री उपसली. रक्त अस्तरावर पडलं, मळक्या बाजूवर, आणि साटिनने ते लगेच पिऊन टाकलं. बाप मोरीत जाऊन हात पाण्याखाली धरून बसला. आईने त्याला बांधायला चिंधी दिली, मग थंड पाणी आणि मीठ घेऊन अस्तर चोळायला बसली. डाग फिका झाला, गेला नाही. तिने ओल्या अस्तरावरच पट्टी पुरी केली.

सोमवारी बाप हाताला चिंधी बांधून मागावर गेला आणि सांगितलं, धोटा उडून लागला. सगळ्यांनी मान हलवली.

मी कोट घालून हॉटेलात गेले. मॅनेजरने मला वळायला सांगितलं. पाठ बघितली, दोन्ही खांद्यांवरून हात फिरवून झोल शोधला. सापडला नाही. माझा डावा खांदा खाली आहे हे त्याला दिसलं असणार, पण कोट त्यावर बसला होता. बाकीच्या मुलींच्या कोटांना खांद्यात सुरकुत्या होत्या. "बेन, आ क्यां सीवडाव्यो?" कुठे शिवला, त्याने विचारलं. मी म्हणाले, घरी. आईने. आणि तिला शाळा माहीत नाही, हेही सांगितलं. मी काउंटरवर उभी राहिले. कोटाच्या आत डाव्या कमरेपाशी अस्तर अजून दमट होतं, दुपारपर्यंत मला ते जाणवत होतं.

त्यानंतर बापाने हात उचलला नाही असं लिहायला मला आवडलं असतं. उचलला, आईवर. माझ्यावर नाही. अमळनेरचं नाव मात्र घरात पुन्हा निघालं नाही. दांडा मी पाणी तापवायच्या चुलीत घातला. मुरलेलं लाकूड, बराच वेळ जळलं.

हॉटेलातल्या दुसऱ्या मुलीही कोट आईकडे आणायला लागल्या. पहिली आली ती रीतीप्रमाणे पिशवीत मापाचं पोलकं घेऊन. आईने ते पिशवीतून काढूही दिलं नाही. म्हणाली, मापाचं नको, तू उभी ऱ्हा. पुढे ती सगळ्यांनाच तसं सांगायची. उजवा खांदा मोजायची, मग डावा, मग दोन्ही दंड. एकदा एका मुलीच्या दंडावर टेप गुंडाळताना ती मुलगी दचकून मागे झाली आणि हसून म्हणाली, मावशी, मोरीत पाय घसरला होता.

आईने टेप सैल धरला. मला म्हणाली, दुसरा कागद पसर.