भाताची खाज नव्हती ती

डोळखांबच्या पुढच्या आमच्या पाड्यावरून मी नोकरीसाठी निघाले, तेव्हा आई बांधापर्यंत आली आणि म्हणाली, "जा गो, मागं बघू नको." मी इतकी गुणी, की वीस वर्षं खरंच पाहिलं नाही. सणाला जायचं आणि पिशवीभर तांदूळ घेऊन कल्याणला परतायचं, एवढंच.

मग आईच्या फुप्फुसात कॅन्सर निघाला आणि मी तिला इकडे आणलं. दर तीन आठवड्यांनी सलाइनमधून इम्युनोथेरपीचं औषध सुरू झालं. गाठ आकसू लागली. तेवढ्यात आमच्या बाईसाहेब हट्टानं गावी भाताच्या झोडणीला गेल्या आणि हातांवर लाल चट्टे घेऊन आल्या.

"भाताची कुसळं लागलीत. दोन दिसांत जाईल."

मीही मान डोलावली. भाताची खाज आम्हाला काय नवी? पण पुढं ती घरातही लांब बाह्यांचं पोलकं घालू लागली. एकदा न्हाऊन येताना तिची पाठ दिसली. चट्ट्यांनी भरलेली. पोटही तसंच. झाकल्या अंगाला कुसळं कुठून लागणार? तिनं माझा हात घट्ट धरला.

"डॉक्टरला सांगू नको. औषध बंद करतील ती. मला जगायचंय गो."

पाड्यावरच्या सगळ्यांनी तिला पाहिलंय. स्वतःसाठी काही मागताना कुणी कधी ऐकलं नाही. मी तरीही सांगितलं. दवाखान्यात दाखवायला जाताना रिक्षात ती तोंड फिरवून बसली.

डॉक्टर रागावले नाहीत. हे औषध शरीराची ताकद गाठीवर सोडतं, ती कधीकधी कातडीवरही उलटते, वेळेवर कळलं तर बहुतेकदा आवरता येतं, असं त्यांनी समजावलं. मलम दिलं, गोळ्या दिल्या, एक डोस पुढं ढकलला. चट्टे उतरल्यावर औषध पुन्हा सुरू झालं.

त्या दिवशी सलाइन लावताना शेजारच्या खुर्चीत मुरबाडकडची एक बाई पदराखाली हात खाजवत होती. आईनं भरल्या खोलीत बाही वर सारली.

"बघ, मला पण व्हतं. मी लपवलं, चुकलं माझं. तू सांग त्यांना."

ती बाई उठून नर्सकडे गेली. आईचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता.

खाज अजून अधूनमधून उठते. संध्याकाळी मी तिच्या पाठीला मलम लावते. लहानपणानंतर त्या पाठीला माझा हात लागलाच नव्हता. घर कुठलं, असं कुणी विचारलं तर डोळखांब की कल्याण असा घोळ आता होत नाही. आई जिथं काही न लपवता माझ्यासमोर बसते, ते माझं घर.