उपाशी ओळ

टेप पुन्हा लावला तरी आकडा तोच. खत घातलेले पाइन आणि न घातलेले पाइन उंचीला सारखेच. उलट बिनखताचे जरा जास्तच हिरवे. डिव्हिजनहून आलेले साहेब सड्यावरच्या उन्हात वही उघडून उभे होते.

ही साठच्या दशकातली गोष्ट. मी फॉरेस्टमध्ये रेंजर होतो, कट्टा गावाजवळच्या एका सड्यावर. सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडं पठार. तिथे परदेशी पाइन लावून बघायचे होते. जांभ्याच्या मातीत फॉस्फरस कमी, म्हणून सुपरफॉस्फेट घालायचं. एक ओळ खताची, शेजारची बिनखताची. या दुसरीला आम्ही कंट्रोल म्हणतो. ती असल्याशिवाय खताचा गुण कळत नाही.

ट्रायल नीट झाली तर साहेब माझ्या बदलीची शिफारस करणार होते. घर चांद्याकडे, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मुलगी झाल्याचं पत्रातून कळलं होतं, तिला अजून पाहिलं नव्हतं. चौकीत बोलायला कुणी नसे. संध्याकाळी वारा सुटला की फार एकटं वाटायचं.

साहेब म्हणाले, "खताचा उपयोग नाही, असं लिहू?"

मी जनीकाकीला हाक मारली. गावातली शेतकरी बाई, रोपांची राखण तिच्याकडे. बिनखताच्या झाडांना काही घातलंस का, असं विचारलं. ती लपवाछपवी करणाऱ्यातली नव्हती.

"घातलंय. घरचा शेणखत होता."

"अगं, ती उपाशी ठेवायची होती."

"तुमीच सांगितलास, ही जेवतली, ती उपाशी. एका पंगतीत बसवलास आणि अर्ध्यांका वाढूक नाय. माका बघवला नाय, सायबांनू."

शब्द माझेच होते. मजुरांना कंट्रोल समजावा म्हणून मी सोपं करून सांगितलं होतं. जरा जास्तच सोपं झालं.

साहेब हसले, पण शिफारस केली नाही. ट्रायल नव्याने करा म्हणाले आणि जीपमध्ये बसले. जीप दिसेनाशी झाल्यावर मला रडू आलं. त्या दिवशी चूल पेटवलीच नाही. संध्याकाळी जनीकाकी झाकलेली ताटली घेऊन आली. भात आणि कुळथाची पिठी. "तुमीव उपाशीच दिसतास," म्हणाली. तिच्यावर रागवायचं राहूनच गेलं.

पुढच्या पावसाळ्यात दोन्ही ओळी नव्याने लावल्या, पण कंट्रोलची गडग्यापलीकडे, दगडी बांधाच्या आड. तिकडे पंगत वेगळी, त्यामुळे काकीची हरकत नव्हती. या खेपेला फरक लांबूनही दिसत होता. खताची झाडं वर गेली, पलीकडची खुजी राहिली. साहेबांनी शब्द पाळला.

घरी पोचलो तेव्हा मुलगी चालायला लागली होती. मला बघून आईच्या पदराआड गेली.

कंट्रोलची ओळ नेहमी गडग्यापलीकडे घ्यावी.