सोबत कोण आहे?

त्या गुरुवारी दत्ताच्या देवळात मी हात जोडले नाहीत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उजवा तर पूर्ण पिकलेला. गाभाऱ्यात नुसतं पिवळट धुकं दिसत होतं. “दिसत नाहीस तेच बरं,” असं मनातल्या मनात त्याला सुनावलं आणि हार पुजाऱ्याच्या हातात कोंबून मी निघाले.

दुसऱ्या दिवशी उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होतं आणि घरचं कोणीतरी सोबत हवं, अशी दवाखान्याची अट होती. आई गेल्यावर ज्या दोन भावांसाठी मी लग्न केलं नाही, त्यांतल्या एकालाही सवड नव्हती. थोरला म्हणाला, “ताई, तारीख पुढे ढकल ना.” धाकटा म्हणाला, “अगं, वाघोलीहून मी पोचेपर्यंत तुझं उरकलेलं असेल.” मंडईजवळच्या माझ्या खोलीवर गणपती बघायला मात्र दोघं दरवर्षी वेळेवर पोचतात.

तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. डोळ्याच्या भिंगातली प्रथिनं जन्मभर तीच राहतात. वयाने त्यांची घडी बिघडते आणि ती एकमेकांना चिकटू लागतात. तिथे काही मदतनीस प्रथिनं असतात, शॅपरोन, म्हणजे सोबतीण, म्हणतात त्यांना. ती बिघडलेल्यांना धरून ठेवतात, गुठळ्या होऊ देत नाहीत, म्हणून आपल्याला स्वच्छ दिसतं. पण त्यांचा साठा पुन्हा भरत नाही. तो संपत आला की भिंग गढूळ होतं. “म्हणजे जन्मभर दुसऱ्यांना सावरायचं आणि संपून जायचं. ओळखीची वाटतात हो,” मी म्हणाले. त्या बिचाऱ्यांनी ऑपरेशनची तारीख लिहून दिली.

शुक्रवारी एकटीच गेले. डोळ्यात थेंब घालून झाल्यावर सिस्टरने विचारलं, “सोबत कोण आहे, आजी? कोणी नसेल तर आज करता येणार नाही.” इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

शेजारच्या बाकावरून आवाज आला, “मी हाय की त्यांच्यासंगं. कुठं सही करायची?”

“नात्याने कोण?”

“बहीन लिवा.”

सासूला घेऊन धायरीहून आलेली कोणी बाई होती. माझी चप्पल, पिशवी, चष्मा तिनेच सांभाळला. ऑपरेशननंतर सासूला आणि मला एकाच रिक्षात बसवून तिने मला दारापर्यंत आणून सोडलं. सगळा रस्ता मी भावांची गाऱ्हाणी सांगत होते. तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

पट्टी निघाल्यावर पहिल्यांदा देवळात गेले आणि रडले. सोबतीला कोणाला पाठवायचं, याची यादी मी देवाला वर्षानुवर्षं देत आले होते. ती आता बंद केली आहे. भावांवरचा राग गेला, असं मात्र खोटं सांगणार नाही. त्यांचे कलप लावलेले केससुद्धा आता मला स्वच्छ दिसतात. यादीत नसताना जी आली होती तिचा चेहरा तेवढा मी कधीच पाहिलेला नाही. म्हणून दत्तापुढे उभी राहिले, की हा नवा डोळाही मी मिटून घेते.