केळ्याच्या वासाचा टॉवेल

ती घटना आजही आठवते, आणि सगळ्यात आधी नाकाला आठवते. फुलसावंगीच्या बाजूला मी ठाणेदार होतो. ऐन लग्नसराईत, भर दुपारी ठाणे अंमलदाराने फोन माझ्या हातात दिला. पलीकडे बाईचा दबका आवाज. "साहेब, लवकर जा तांड्यावर, वडाखालच्या मांडवात. म्हातारीले डाकीण म्हणून बांधून राह्यले. मारून टाकतीन तिले." नाव विचारेपर्यंत फोन बंद.

स्टेशन डायरीला नोंद करून निघालो. तांड्यावर लग्नाचा मांडव उलटापालटा झाला होता. वडावरचं आग्या मोहोळ उठलं होतं आणि नवरदेवाच्या मोठ्या भावाला बेशुद्ध अवस्थेत तालुक्याच्या दवाखान्यात नेलं होतं. त्याची म्हातारी विधवा चुलती मांडवाच्या खांबाला बांधलेली. तिचा गुन्हा काय, तर "वडाखाली मांडव नका टाकू, माश्या उठतीन" असं ती आदल्या दिवशी म्हणाली होती. शिवाय तिला एकही माशी चावली नव्हती. झालं, तिनेच सोडल्या! "तो गेला तर हे बी वाचत नाही," काठ्या घेतलेली पोरं मला तोंडावर सांगत होती.

मी दोर सोडवला, पाणी पाजलं. "आजी, तुम्हाला कशा नाही चावल्या?"

"ओढनी घेतली आंगावर अन् बसली गप. लोक पयतेत, हात झटकतेत, मंग माश्या सोडतेत का?"

पंचनामा करताना वडाच्या बुंध्याशी एक टॉवेल दिसला. त्यात माश्यांचे काटेच काटे रुतलेले आणि केळ्याचा नुसता घमघमाट! टॉवेल निघाला लग्नात थंड दूध पुरवायला आलेल्या दूधवाल्याचा.

"काय सांडलं रे?"

"केयाचं दूध, साहेब."

"मग सालं कुठं आहेत?"

"बकऱ्यायनं खाल्ली."

"बकऱ्या तर त्या तिकडे बांधल्यात, बाप्पा!"

खोटं बोलणारा प्रश्न संपायच्या आत उत्तर देतो, हा माझा अनुभव. त्याला जीपमागे नेलं. हात उगारला नाही, चहा पाजला. चहा संपला आणि गडी रडायलाच लागला. दुधात केळी कबूल केली होती, घातला नुसता केळ्याच्या वासाचा इसेन्स. चोरी उघडी पडू नये म्हणून बाटली बुंध्याशी लपवली, तिथेच ती फुटली. टॉवेलाने पुसत होता तोच माश्या खाली आल्या.

यवतमाळच्या एका रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना फोन लावला. ते म्हणाले, "अहो, त्या इसेन्समधलं एस्टर, म्हणजे वासाचं रसायन, हा माश्यांचा सायरनच. माशी डंख मारते तेव्हा तिच्या अंगातून तेच सुटतं आणि बाकीच्या धावून येतात." देव त्यांचं भलं करो.

आता हे तांड्यासमोर सांगायचं कुणी? दूधवाला म्हणाला, "साहेब, मले जित्ता सोडतीन का?" मी त्याच्या शेजारी उभा राहिलो. तो सगळं खरं बोलला. तांड्याच्या प्रमुखाने, नायकाने, टॉवेल हुंगला, बराच वेळ हुंगला. "मोहोळ झाडताना असाच वास येते," तो म्हणाला. काठ्या खाली गेल्या. म्हातारीला बांधणाऱ्यांवर मात्र जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा दाखल केला, तो काही सोडला नाही.

दोन दिवसांनी जखमी शुद्धीवर आला. त्याचा जबाब घ्यायला दवाखान्यात गेलो, तर त्याच्या उशाशी बसलेली बायको म्हणाली, "बसा साहेब." मी चमकलो. फोनवरचा आवाज हाच होता! तिला बाहेर बोलावून विचारलं. नवऱ्याला गाडीत घालताना पोरं म्हातारीला बांधायला दोर आणताना तिने पाहिली होती. दवाखान्यात पोचताच तिने ठाण्याला फोन केला होता.

त्या तपासाची शाबासकी मला मिळाली. पण पोलीस पोचतो तो कुणीतरी हाक मारल्यावर, हे मी तिथे शिकलो. अशा माणसांच्या जिवावर माझी नोकरी झाली. तिचं नाव मी कुठल्याच कागदावर येऊ दिलं नाही, आणि तिचे उपकार कधी विसरलो नाही.

"नवरा मरणाच्या दारात होता, बाई," मी तिला म्हटलं होतं, "अशा वेळी तुला म्हातारी कशी सुचली?"

"यायले पाहाले डागदर होते, साहेब," ती म्हणाली. "तिले कोन होतं?"