ताईंचा ड्रॉवर

आमच्या अंधेरीच्या ऑफिसात एका ड्रॉवरचा जेवढा दरारा होता, तेवढा खुद्द मालकांचाही नव्हता. तो ड्रॉवर ताईंचा. ताई म्हणजे आम्हा प्रोग्रॅमर मंडळींच्या मुख्य. मूळच्या अकोल्याच्या, राहायला नाहूरला. ड्रॉवरकडे कोणाचा हात गेला की स्क्रीनवरची नजर न हलवता म्हणायच्या, "मला सांग, काय हवंय?" बाम मागितला तर आधी प्रश्न, "जेवलास का?" नाही म्हटलं की बामाऐवजी हातावर शेंगदाण्याचा लाडू. माझ्यातला नट तर दुपारी लाडवासाठी हमखास कपाळ धरून तिथे हजर असायचा.

ताई प्रोग्रॅमही असाच लिहायच्या. आतली माहिती कधी उघड्यावर ठेवायची नाही. त्यासाठी प्रोग्रॅममध्येच दोन पहारेकरी: बाहेरून कोणी ती वाचायला आलं की मॅजिक गेटर पुढे येणार, बदलायला आलं की मॅजिक सेटर. द्यायचं की नाही, घ्यायचं की नाही, हे तेच ठरवणार. "वाट्टेल तो येऊन वाट्टेल ते ठेवून गेला, तर ती धर्मशाळा झाली रे," त्या म्हणायच्या.

घाटकोपरच्या एका बालरुग्णालयासाठी आम्ही बाळाच्या वजनावरून औषधाचा डोस काढणारं सॉफ्टवेअर बनवत होतो. हे गिऱ्हाईक गेलं तर आमचा विभागच बंद होणार होता. डेमोच्या आदल्या दिवशी मालक आले.

"ताई, ते अडवणं काढा ना. वजन टाकलं की सरळ आत जाऊ दे. गिऱ्हाइकासमोर लाल अक्षरं आली तर वाट लागेल."

"वजन माझ्या सेटरमधूनच जाईल. मला काढा हवं तर, तो राहील."

डेमोला रुग्णालयाच्या डॉक्टरबाईंनी स्वतः टाइप केलं. बाळ एक वर्षाचं, वजन साडेनऊ किलो. घाईत दशांशचिन्ह राहून गेलं आणि झाले पंच्याण्णव. स्क्रीनवर भलीमोठी लाल अक्षरं उमटली: 'एक वर्षाच्या बाळाचं वजन पंच्याण्णव किलो? पुन्हा बघा.' मालकांनी रुमाल काढला.

"मॅडम, हे आम्ही आजच काढून टाकतो."

डॉक्टरबाईंनी राहिलेलं दशांशचिन्ह टाकलं. मग म्हणाल्या, "हे काढलंत, तर मी घेणार नाही."

परतताना मालकांनी टॅक्सीत ताईंना पुढची सीट दिली. ताई मात्र वाटभर एकच पुटपुटत होत्या, "दशांश विसरतात म्हणजे काय. जेवल्या नसतील."

गेल्या वर्षी ताई मुलीकडे बंगळूरला कायमच्या निघाल्या. त्यांची खुर्ची माझ्याकडे आली. मी ऐटीत हात पुढे केला, "ड्रॉवरची किल्ली?"

"कुलूप कधी नव्हतंच त्याला."

मी ओढून पाहिला. ड्रॉवर सहज उघडला. आत एक बाम आणि लाडवांचा डबा.

"ताई, मग इतकी वर्षं आम्ही मागत कशाला बसलो?"

"स्वतः उघडला असतास तर बाम मिळाला असता रे," ताई पर्स खांद्याला लावत म्हणाल्या. "जेवलास का, हे कोणी विचारलं असतं?"

परवा एकाने बामासाठी ड्रॉवरला हात घातला. माझी नजर स्क्रीनवरून हललीसुद्धा नाही.

"मला सांग, काय हवंय?"