खंडेनवमीला घासलेले शंख

माझ्या ताईचे यजमान, प्रल्हाद भाऊजी, विरारच्या मनवेलपाड्यात राहतात. मुंबईच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्र शिकवायचे. माणूस वाईट नाही, असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

त्या कॉलेजच्या जुन्या संग्रहालयात, कपाटाच्या तळाशी, त्यांना काचेच्या नळीत हरभऱ्याएवढे काही शंख मिळाले. साहेबाच्या काळात कोणीतरी वसईच्या खाडीतून गोळा केलेले. खाडीतल्या नेहमीच्या एका गोगलगाईची ही पिल्लं, असं ठरवून तो साहेब मोकळा झाला होता. भाऊजींनी भिंगाखाली पाहिलं, तर शंखांच्या तोंडाची कड जाड. वाढ पुरी झाल्याशिवाय कड जाड होत नाही, म्हणजे ही पिल्लं नव्हेत. शिवाय वर पातळ तपकिरी साल आणि सालीवर बारीक लव, दुहेरी ओळींनी वेटोळ्याभोवती फिरलेली. नेहमीच्या गोगलगाईला लव नसते. ही जातच वेगळी होती आणि तिला अजून नाव नव्हतं.

ते नाव आपण द्यायचं, एवढाच भाऊजींना ध्यास लागला. पन्नाशी जवळ आली होती, बढत्या हुकल्या होत्या. शंख त्यांनी परवानगी काढून घरी आणले. मी बी.एस्सी. झालेली मेहुणी, त्यामुळे माझ्याशी तासन् तास बोलायचे. ताई चहा घेऊन आली की बोलणं थांबायचं. एकदा तिने विचारलंच, "कसले हो हे शंख?"

"तुला काय कळणार!" भाऊजी म्हणाले, आणि कपातलं दूध जास्त झाल्याचंही सांगितलं.

मी नंतर स्वयंपाकघरात तिला समजावू लागले, तर म्हणाली, "राहू दे गं विने. त्यांचं ते सांगतील कधीतरी."

जिवंत गोगलगाय शोधायला भाऊजी गोखिवऱ्याकडे खाडीच्या कडेने खूप हिंडले. मीही एकदा गेले होते. रंभा नावाची म्हातारी शेतकरीण बांधावर बसली होती. भाऊजींनी शंखांचं स्वतः काढलेलं चित्र दाखवलं, तशी हसली.

"व्हती की. पोरपनी खाजनाच्या खाऱ्या चिखलात पायाखाली यायची. आता भराव टाकला, भरतीचं पानीच येत नाय. मग ती कुठून येनार?"

भरावावर गाळे उभे होते. म्हणजे जगात जे काही उरलं होतं, ते त्या नळीत. परदेशातल्या एका जाणकाराने कळवलं होतं की शंख पाठवा, लव डोळ्यांनी पाहिली की छापायला शिफारस करतो. फोटो भाऊजी दिवाळीच्या सुट्टीत काढणार होते.

त्याआधी आली खंडेनवमी. आमच्या माहेरी त्या दिवशी घरातली हत्यारं पुजायची. वडिलांचा सुतारकामाचा रंधा आई लख्ख पुसून पाटावर मांडायची. ताईने विचार केला, आपल्या माणसाची हत्यारं कोणती? भाऊजी कॉलेजात गेल्यावर तिने टेबलावरचं पितळी भिंग चिंचेने उजळलं. चिमटा घासला. आणि एवढे जपलेले शंख इतके मळकट कसे राहू द्यायचे, म्हणून तेही चिंच-मीठ लावून नारळाच्या शेंडीने एकेक करून चोळले. साल निघाली, लव गेली, चिंचेच्या आंबटाने कडाही खाल्ल्या. पांढरेशुभ्र शंख तिने पाटावर ओळीने मांडले, प्रत्येकाला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं.

मी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या दसऱ्यासाठी आपट्याची पानं द्यायला गेले होते, तेव्हाच भाऊजी आले. ताई हौसेने म्हणाली, "बघा तरी, कसे चमकतायत!"

भाऊजी पाटासमोर उकिडवे बसले. एक शंख उचलून उजेडात फिरवला. मग एवढंच म्हणाले, "अक्कलशून्य बाई." ती उभी होती तिथेच उभी राहिली, हाताला चिंचेचा वास तसाच होता.

भाऊजींनी तरीही ते शंख चित्रासोबत पाठवले, पण परदेशी जाणकाराने शंख परत पाठवले. झिजलेली पिल्लं दिसतात, नुसत्या चित्रावर भरवसा ठेवता येत नाही, असं कळवलं. भाऊजींचं दुःख खोटं नव्हतं, एवढं मीही मान्य करते. पण पुढे त्यांनी त्या दुःखाचा किस्सा केला. घरी कोणी आलं की किस्सा ठरलेला: "आमच्या मंडळींनी एक अख्खी जात चिंचेने घासून टाकली!" पाहुणे हसायचे. ताई चहाचा ट्रे धरून उभी असायची. मला ते हसू ऐकून अंगाचा तिळपापड व्हायचा.

भाऊजी निवृत्त झाले त्या वर्षी हर्षवर्धन नावाचा नवा प्राध्यापक घरी आला. किस्सा झाला, हसणं झालं. ताईने ट्रे खाली ठेवला आणि पहिल्यांदाच त्या खोलीत बसली.

"अहो, ती लव कशी होती, ते मला एकदा तुम्ही सांगा ना," ती म्हणाली. "मी घासलं ते काय होतं, एवढं तरी कळू दे."

भाऊजी उठले, कपाटातून जुनं चित्र काढलं, खुर्ची हर्षवर्धनजवळ ओढली आणि त्याला लव समजावून सांगू लागले.

ताई थोडा वेळ ऐकत बसली. मग रिकामे कप उचलून आत गेली.