ग्राइंडरच्या तोंडावरचे कुंकू

तमिळ मुलखातल्या गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत मी दोन वर्षे नोकरी केली. त्याआधी पुण्याच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. कारखान्याला माझी गरज पडली ती प्रश्नावल्यांमुळे. आमचा माल घेणारी मोबाइल कंपनी परदेशी आणि अवाढव्य. सांडपाणी कुठे जाते, कामगारांचे वय काय, असे ती सतत विचारत असे आणि कोणीतरी इंग्रजीत उत्तरे लिहायला हवी होती. आम्ही बनवत होतो फक्त प्लास्टिकचे ट्रे. मोबाइलचे सुटे भाग त्यांत बसून जुळणीच्या कारखान्यात जात.

पूर्वी हे ट्रे एकदा वापरून फेकले जात. मग कंपनीने ठरवले, की ते परत आणायचे, दळायचे आणि त्याच प्लास्टिकचे नवे करायचे. त्यासाठी शेडच्या मागे वेगळा विभाग निघाला : एक ग्राइंडर, बारा बायका आणि एक सुपरवायझर. सुपरवायझर पन्नाशीचे, तंजावरकडचे मराठी. त्यांच्या मराठीला तमिळचा हेल होता. मी त्यांना अण्णा म्हणे, ते मला तंबी, म्हणजे धाकटा भाऊ. मालकांचा या विभागावर विश्वास नव्हता. कंपनीच्या तपासणीत पास झाला तर चालू, नाहीतर कुलूप, असे त्यांनी आधीच सांगितले होते. कुलूप लागले की बाराही जणी घरी.

तपासणी आली ती आयुधपूजेनंतर चौथ्या दिवशी. तपासनीस बाई तिशीच्या, मैलापूरच्या. त्यांच्याकडे पिस्तुलासारखे यंत्र होते. ते ट्रेला टेकवले, की प्लास्टिकमध्ये शिसे किंवा पारा आहे का ते पडद्यावर दिसे. आदल्या दिवशीचे पाच ट्रे त्यांनी उचलले. त्यांपैकी तीन ट्रेंमध्ये शिसे निघाले.

"मर्यादेच्या बरंच वर आहे," त्या तमिळमध्ये म्हणाल्या.

"मी सांगत होतो," मालक म्हणाले. "कचरा दळला की कचराच निघणार."

कोणीतरी ग्राइंडर बंद केला. अण्णांनी एक ट्रे उलटा करून तळाचा बॅच नंबर वाचला, मग आत जाऊन गेल्या आठवड्यातले तीन ट्रे घेऊन आले.

"मॅडम, हे पूजेच्या आधीचे. हेही बघा."

तिन्ही स्वच्छ निघाले.

"प्लास्टिक तेच, ग्राइंडर तोच," तपासनीस म्हणाल्या. "मग मधे काय बदललं?"

मागून एक बाई हळूच म्हणाली, "पूजा झाली."

आमच्याकडे खंडेनवमीला हत्याराला हळदकुंकू लावून फूल वाहिले की भागते. इथे आयुधपूजेला पान्यापासून वॉचमनच्या सायकलपर्यंत कशालाही चंदन-कुंकवाशिवाय सोडत नाहीत. आपला विभाग नवा, त्याला आशीर्वाद जरा जास्त हवा, म्हणून बायकांनी ग्राइंडरच्या तोंडाभोवती कुंकवाचा जाड पट्टा ओढला होता. ग्राइंडर दिवसभर थरथरतो. वाळलेले कुंकू आत झडत होते.

तपासनीस बाईंनी यंत्र त्या पट्ट्याला लावले. आकडा पाहून त्यांनी यंत्र पुसून पुन्हा लावले; आकडा तितकाच मोठा आला. स्वस्त कुंकवात रंगासाठी शेंदूर घालतात आणि शेंदूर म्हणजे शिसेच.

"कुंकू कुणी आणलं?"

मी आणले होते. तिरुवल्लिकेणीत मी राहत होतो त्या मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, खालच्या दुकानातून, चार पुड्यांपैकी सर्वांत भडक म्हणून. तसे सांगितले.

अण्णा मराठीत म्हणाले, "तंबी, कंपनीच्या इतक्या प्रश्नांचीं उत्तरें लिहिलांत. त्या दुकानदाराला एक विचारायचा होता." बायकांनी अर्थ विचारला, त्यांनी तमिळमध्ये सांगितला. सगळ्या हसल्या. मालकही.

तपासनीस हसल्या नाहीत, पण त्यांनी निर्णय पुढे ढकलला. पूजेनंतरचे सगळे ट्रे बाजूला ठेवायचे, ग्राइंडर धुवायचा, कारण आणि उपाय लिहून द्यायचे. आठवड्याने त्या पुन्हा येणार होत्या.

मालकांचा उपाय होता कुंकवावर बंदी. "मग मशीनला हात तुम्ही लावा," असे एका बाईने त्यांना ऐकवले. अण्णांचा उपाय वेगळा होता : टिळा ग्राइंडरच्या तोंडावर नाही, त्याच्या खालच्या लोखंडी पायावर, आणि कुंकू त्यांच्या घरचे. त्यांची बायको ते हळद, लिंबू आणि टाकणखाराचे करत असे. मी तसे लिहून पाठवले. कंपनीचे उत्तर आले, की विभागात येणाऱ्या प्रत्येक पदार्थासाठी उत्पादकाचे घोषणापत्र लागते.

म्हणून फॉर्म घेऊन मी अण्णांच्या घरी गेलो. त्यांच्या बायकोने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

"लिंबू कोणाच्या झाडाचें, तेंही लिहायचें?"

"नको."

"माझ्या सासूनेंही इतकें विचारलें नव्हतें," असे म्हणून त्यांनी तमिळमध्ये सही केली.

आठवड्याने तपासनीस बाईंनी आधी घरचे कुंकू तपासले, मग पायावरचा टिळा, मग नवे दहा ट्रे. शिसे कुठेही नव्हते. त्यांनी कागदावर पासचा शिक्का मारला. शाई वाळायच्या आत एका बाईने ग्राइंडर सुरू केला.

त्या आवाजात तपासनीस बाईंनी अण्णांना विचारले, घरी न्यायला थोडे कुंकू मिळेल का.

"मिळेल, मॅडम," अण्णा म्हणाले. "सोबत फॉर्म देऊ?"